आपोआप बरा झालेला काटा : जुन्या जीपच्या मीटरमधले दोन दोष

पार्श्वभूमी

गाडी १९९४ साली नोंदलेली डिझेल जीप. पाचगणीच्या पुढच्या एका गावातली, एकाच मालकाच्या हातातली. हंगामात स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन पसरणीचा घाट उतरायचा आणि येताना वाईहून खताच्या गोण्या भरून तोच घाट चढायचा, हे तिचं काम. भरलेल्या गाडीने घाट चढताना ड्रायव्हरची नजर रस्त्याखालोखाल तापमानाच्या काट्यावर असते. त्यामुळे हा काटा खोटं बोलायला लागला की तो नुसता नादुरुस्त भाग राहत नाही. इंजिन वाचवायचं की गाडी चालवत राहायचं, हा निर्णयच त्याच्यावर असतो.

या गाडीचं मीटर जुन्या पद्धतीचं आहे. पत्र्याच्या एका प्लेटवर मध्ये स्पीडोमीटर, एका बाजूला डिझेलचा काटा, दुसऱ्या बाजूला तापमानाचा. दोन्ही काटे द्विधातू पट्टीचे. आतल्या तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. म्हणून चावी फिरवल्यावर काटा झटकन उडत नाही, वीस-तीस सेकंद घेत सावकाश चढतो. गाडीचा व्होल्टेज १२ ते १४ मध्ये हलत असतो. त्याचा परिणाम काट्यावर होऊ नये म्हणून प्लेटच्या मागे काडेपेटीपेक्षाही लहान अशी पत्र्याची डबी बसवलेली असते : स्टॅबिलायझर. तिच्यातही तापणारी पट्टीच असते. ती सतत जोडते-तोडते आणि सरासरी १० व्होल्ट दोन्ही काट्यांना देते. या पट्टीला तापवणाऱ्या तारेचं दुसरं टोक डबीच्या पत्र्याला, म्हणजे प्लेटला, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं. बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या या परतीच्या वाटेलाच 'अर्थ' म्हणतात. या प्रकरणाचा सगळा गुंता त्या शेवटच्या जोडापाशी आहे.

तक्रार

तापमानाचा काटा एरवी मध्यावर राहायचा. २०२४ च्या दिवाळीनंतर तो लाल पट्ट्याला टेकू लागला. रिकामी गाडी, सपाट रस्ता, सकाळचा गारवा, तरीही लाल. डिझेलचा काटा मात्र बरोबर होता, आणि मालकांनी ते आवर्जून सांगितलं. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष एकाच काट्यावर, पर्यायाने इंजिनावर गेलं.

आधीच्या गॅरेजमध्ये क्रमाने थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, रेडिएटर उतरवून साफ केला, कूलंट नवं भरलं, शेवटी तापमानाचा सेन्सर बदलला. सात हजारांच्या आसपास खर्च झाला आणि काटा होता तिथेच राहिला. पुढचा सल्ला होता हेड (इंजिनाचं वरचं जड झाकण) उघडून गॅसकेट बघण्याचा, म्हणजे आणखी पंचवीस-तीस हजार आणि ऐन हंगामात आठवडाभर गाडी उभी. त्या टप्प्यावर गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आली.

पहिला निर्णय : इंजिन खरंच तापतंय का

काटा चुकीचा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खरा मानायचा, हे आधी ठरलं. दोन दिवस गाडी भरून घाटात न्यायची नाही, असं मालकांना सांगितलं. त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी ऐकलं.

मग इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरचं तापमान मोजलं. इथे एक चूक वारंवार होते. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र धरलं तर ते खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं. म्हणून हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवला, टेप तापेपर्यंत थांबले आणि त्यावर नेम धरला. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालवून ८४ अंश, रिकाम्या गाडीने घाट चढून ९१. दोन्ही वेळा काटा लालमध्ये. वरचा होजपाईप दाबता येत होता, दगडासारखा ताठ नव्हता. पाणी कमी होत नव्हतं, रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे नव्हते. इंजिनाची तब्येत उत्तम होती, हेडला हात लावायचं कारणच नव्हतं.

आणखी एक गोष्ट याच वेळी दिसली. गाडी उभी करून हेडलाइट लावून आयडलवर ठेवली की काटा थोडा खाली यायचा, आणि रेस धरून ठेवली की अर्ध्या मिनिटात वर चढायचा. तापणारं इंजिन असं वागत नाही, ते रहदारीत उभं राहिल्यावर तापतं आणि चालतं झाल्यावर निवतं. हा काटा पाण्याच्या तापमानापेक्षा बॅटरीच्या व्होल्टेजला जास्त जुमानत होता.

कोणते पर्याय होते

मालकांच्या मनात सर्वांत सोपा पर्याय होता : "दादा, तो काटाच काढून टाका, आम्ही बोनेटला हात लावून बघू." घाटात चालणाऱ्या गाडीसाठी तो मान्य होण्यासारखा नव्हता. होजपाईप फुटून पाणी गेलं तर हात लावायला खाली उतरेपर्यंत हेड वाकलेलं असतं.

दुसरा पर्याय बाजारातला वेगळा काटा बसवण्याचा, ज्याच्यासोबत बारीक तांब्याची नळी आणि बल्ब (दिवा नव्हे, इंजिनाच्या पाण्यात बसणारी धातूची कुपी) येतो. हा काटा विजेवर चालत नाही, म्हणून भरवशाचा असतो. पण नळी बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) न मुडपता आणावी लागते, आणि मूळ दोष वायरिंगमध्ये तसाच राहतो. तिसरा, जुन्या बाजारातून अख्खं मीटर आणून बसवणं. चौथा, स्टॅबिलायझरच्या जागी ७८१० ही १० व्होल्टची आयसी (तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक भाग) टाकणं. हा उपाय हल्ली पुष्कळजण करतात आणि चांगला आहे, पण नेमक्या याच गाडीत तो फसला असता. त्या आयसीचा मधला पाय अर्थला नसेल तर तीही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज पुढे सोडते. नवा भाग, दोष जुनाच. तिसऱ्या पर्यायाचंही तेच, कारण नवं मीटरही त्याच रंगवलेल्या जागी बसलं असतं (या रंगाचा खुलासा पुढे येतो).

म्हणून आधी मोजायचं आणि मग भाग घ्यायचा, असं ठरलं. साहित्य थोडकंच लागलं : मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, आणि २ वॉटचे तीन रेझिस्टर (प्रवाहाला ठराविक विरोध करणारे छोटे भाग), २२, ६८ आणि २२० ओहमचे.

तपासणी

सेन्सरची वायर काढून तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर जोडला. या जातीच्या काट्याला ६८ ओहम म्हणजे साधारण मध्य. अनेक ठिकाणी ही वायर सरळ बॉडीला टेकवून काटा फुल होतो का ते बघतात. दोन सेकंद टेकवलं तर चालून जातं, पण जास्त वेळ धरली तर काट्याची तार जळते. या गाडीत तर, पुढे मोजल्यावर कळलं तसं, काट्याला १४ व्होल्ट मिळत होते, म्हणजे धोका आणखी मोठा. रेझिस्टरचे दोन-चार रुपये घालवणं परवडतं.

काटा मध्यावर थांबला नाही, सरकत लालजवळ गेला. म्हणजे सेन्सर निर्दोष. खात्रीसाठी जुना आणि नवा दोन्ही सेन्सर गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत धरले. ८० अंशांना एकाचा विरोध ७४ ओहम, दुसऱ्याचा ७१. जुनाही उत्तम होता. (ही चाचणी पाचगणीसारख्या उंचीवर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. उकळी म्हणजे शंभर असं धरून चाललात तर सेन्सरवर उगाच संशय येईल.) नव्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे बरेच वेढे होते, ते काढून टाकले. या सेन्सरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. टेप आणखी जाड असती तर विरोध वाढून काटा खाली आला असता आणि गॅरेजने दुरुस्त झाला म्हणून गाडी परत दिली असती. पुढे कधी इंजिन खरंच तापलं असतं तरी काटा गप्प राहिला असता.

मग मीटरची प्लेट चार स्क्रू काढून पुढे ओढली आणि स्टॅबिलायझरच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर मल्टीमीटर लावला. इंजिन सुरू असताना १३.९ व्होल्ट. त्याहून बोलका होता तो आकड्याचा स्थिरपणा. चांगल्या स्टॅबिलायझरवर डिजिटल मल्टीमीटरचा आकडा जागेवर थांबत नाही, शून्य आणि बारा-चौदाच्या मध्ये उड्या मारतो. तिथे टेस्ट लॅम्प लावला तर तो मिचमिचतो. इथे आकडा खिळून बसला होता आणि दिवा अखंड पेटला होता.

प्लेटच्या पत्र्याला लाल प्रोब, बॅटरीच्या निगेटिव्हला काळी, आणि हेडलाइट डिपरवर (लो बीमवर) : ८ व्होल्ट. जिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं तिथे ८. प्लेटला अर्थच नव्हता. स्क्रूंच्या भोकांभोवती डॅशबोर्डवर रंगाचे जाड थर होते. नोंदणीला तीस वर्षं झाल्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात पासिंगसाठी गाडी पूर्ण रंगवली होती.

आता रात्रीच्या एका खुणेचाही उलगडा झाला. मालक म्हणाले होते की मीटरचे दिवे मंद झालेत आणि डिपरवरसुद्धा हाय बीमचा निळा दिवा पेटलेला दिसतो. त्यांना वाटलं बल्ब जुने झाले. खरं कारण असं : मीटरच्या दिव्यांतून आलेल्या प्रवाहाला प्लेटवर अर्थ मिळत नव्हता, मग तो निळ्या दिव्यातून उलटा शिरून, हाय बीमच्या वायरने, हेडलाइटच्या न पेटलेल्या फिलामेंटमधून बॉडीपर्यंत वाट काढत होता. डिपरवर निळा दिवा पेटलेला दिसला की प्लेटचा अर्थ गेलाय असं समजून तिथूनच तपास सुरू करावा. हत्यार उचलायच्या आधी मिळणारी ही सर्वांत स्वस्त खूण आहे.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. रंग उन्हाळ्यात दिला, तक्रार दिवाळीनंतरची. मधले पाच-सहा महिने प्लेटला अर्थ कुठून मिळत होता? "मधल्या काळात डॅशबोर्डच्या मागे कुणाचा हात गेला होता का?" या प्रश्नावर मालकांना आठवलं : दिवाळीत स्पीडोमीटरची केबल तुटली होती, नवी टाकली. जुनी केबल पोलादी वेढ्यांच्या आवरणाची, दोन्ही टोकांना धातूचे नट. प्लेटचा अर्थ तिच्यातून गिअरबॉक्सला आणि तिथून इंजिनाच्या अर्थिंग पट्टीला जात होता. नव्या केबलला प्लास्टिकचं आवरण आणि मीटरकडे प्लास्टिकचा नट. ज्या दिवशी केबल बदलली त्याच दिवशी प्लेट अधांतरी झाली.

(अशा गाड्यांमध्ये इंजिनाची अर्थिंग पट्टीही तपासावी. ती तुटलेली असेल तर स्टार्टरचा प्रवाह अशाच एखाद्या केबलमधून जायला बघतो आणि केबल भाजून निघते. इथे पट्टी ठीक होती.)

एक वायर, आणि नवी तक्रार

नुसता रंग खरवडून स्क्रू आवळले असते तरी काम झालं असतं, पण पाचगणीच्या पावसात उघडा पत्रा एका मोसमात गंजतो. म्हणून प्लेटच्या मागच्या बोल्टला १.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर थिंबल (टोकाचं धातूचं कडं) दाबून बसवून जोडली. दुसरं टोक डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, एमरी पेपरने चकाकेपर्यंत घासलेल्या जागी, दातेरी वायसर घालून आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता प्लेट आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधला फरक ०.०४ व्होल्ट. स्टॅबिलायझरवर आकडा उड्या मारू लागला, टेस्ट लॅम्प मिचमिचला. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला, मीटरचे दिवे उजळले, निळा दिवा विझला.

आणि डिझेलचा काटा खाली आला. टाकी त्याच सकाळी फुल केलेली, काटा अर्ध्याच्या जेमतेम वर.

मालकांची प्रतिक्रिया स्वाभाविक होती : "एक नीट केलात आणि चांगला चालणारा बिघडवलात." वायर काढून पूर्वीसारखं करण्याचा आग्रहही झाला. या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा हीच. दुरुस्तीनंतर दुसरं काही बिघडलेलं दिसलं की आपलंच काम चुकलं असं वाटतं आणि हात मागे फिरतो. इथे मात्र नवी वायर मापाने बरोबर सिद्ध झाली होती, म्हणून ती काढली नाही. उलट मालकांना विचारलं, दिवाळीच्या आधी डिझेलचा काटा कसा होता? उत्तर : "तो गेली दोन-तीन वर्षं कमीच दाखवायचा. दिवाळीनंतर आपोआप बरा झाला."

भाग न बदलता बरा झालेला काटा हा तपासणीतला सर्वांत मोठा पुरावा होता, आणि तो तक्रारीत आलाच नव्हता. बऱ्या झालेल्या गोष्टीची तक्रार कोण करणार?

टाकीपाशी

या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट काढली, टाकीच्या फ्लोटची (डिझेलच्या पातळीप्रमाणे विरोध बदलणाऱ्या तरंगत्या सेन्सरची) वायर सोडवली आणि चावी बंद ठेवून विरोध मोजला. फ्लोटच्या टोकापासून त्याच्याच पत्र्याच्या गोल झाकणापर्यंत २४ ओहम, फुल टाकीला योग्य. त्याच टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ६२, आणि झाकणावर बोटाने ठोकलं की ५८ ते ६५ मध्ये हलणारा. म्हणजे साधारण ३८ ओहम गंजाचे. झाकणाखाली रबरी गॅसकेट, टाकी पट्ट्यांखाली रबरावर बसलेली, त्यामुळे अर्थ फक्त गंजलेल्या स्क्रूंच्या भरवशावर.

आता आकडे एकमेकांशेजारी ठेवले की कोडं सुटतं. काट्याच्या स्वतःच्या तारेचा विरोध इथे ६५ ओहम भरला. फुल टाकीला सगळं ठीक असताना १० व्होल्ट भागिले ८९ ओहम, म्हणजे ११२ मिलीअँपिअर. दोन्ही दोष एकत्र असताना १३.९ भागिले १२७, म्हणजे १०९. काट्याला तीन मिलीअँपिअरचा फरक डोळ्यांना दिसेल इतका कळत नाही. वाढीव व्होल्टेजने वाढवलं, गंजाने तेवढंच कमी केलं, आणि काटा शहाण्यासारखा फुलवर. तापमानाच्या बाजूला असा गंज नव्हता, तिथे ७४ च्या जागी १०३ मिलीअँपिअर जात होते, म्हणून तो एकटाच लालमध्ये. प्लेटचा अर्थ दुरुस्त झाल्यावर डिझेलच्या काट्याला १० भागिले १२७, म्हणजे ७९ मिळू लागले : अर्ध्याच्या जेमतेम वर. दिवाळीपूर्वीही तो तिथेच असायचा.

उपाय प्लेटसारखाच. झाकणाचा एक स्क्रू बदलून त्याखाली थिंबल, तिथून १ चौरस मिलिमीटरची वायर चासीच्या घासलेल्या जागी. डिझेलची टाकी असली तरी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून, सांडलेलं पुसून, मगच काम केलं. पेट्रोलची गाडी असेल तर झाकण उघडताना वाफ बाहेर जायला मोकळी हवा हवीच, आणि तिथे टेस्ट लॅम्प वापरायचा नाही. वायर जोडल्यावर बॅटरीपर्यंतचा विरोध २४ ओहम झाला आणि काटा फुलवर गेला.

परिणाम

खर्च वायर, थिंबल, स्क्रू आणि मजुरी मिळून हजाराच्या आत. स्टॅबिलायझर मूळचाच ठेवला. तीस वर्षांच्या डबीवर विसंबावं का, यावर दोन मतं झाली. पण दोन्ही काटे रेझिस्टर लावून जागच्या जागी येत होते, आणि चांगला चालणारा भाग केवळ वयावरून काढावा असं वाटलं नाही. ती गेली तर ७८१० घालायची हे ठरलेलं आहे, आता तिला लागणारा अर्थही तयार आहे.

पुढच्या खेपेला खताच्या गोण्या भरून घाट चढताना काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि पाचगणीला पोचल्यावर परत मध्यावर आला. पावसाळ्यानंतर मोजलं तेव्हा प्लेटवरचा फरक ०.०५ व्होल्ट होता.

वेगळं काय करता आलं असतं

गॅरेजमध्ये भाग बदलायच्या आधी हाउसिंगचं तापमान मोजलं असतं तर सात हजार वाचले असते. त्या कामाला पाच मिनिटं लागतात.

इलेक्ट्रिशियनकडूनही एक गोष्ट राहिली. ६८ ओहमचा रेझिस्टर फक्त तापमानाच्या वायरला लावला. तोच डिझेलच्या वायरला लावला असता तर तो काटाही लालइतकाच वर गेला असता आणि दोन्हींना सामाईक असलेल्या स्टॅबिलायझरकडे अर्ध्या तासात पोचता आलं असतं. "डिझेलचा बरोबर आहे" हे मालकांचं वाक्य तपासलेलं माप म्हणून धरलं गेलं. चावी ऑन करून इंजिन बंद असताना डिझेलचा काटा पाऊणवर आणि सुरू केल्यावर फुलवर जातो, हेही कुणी बघितलं नव्हतं. तेवढं बघितलं असतं तरी तो काटाही व्होल्टेजवर हलतोय हे कळलं असतं.

प्लेटचा अर्थ जोडण्याच्या आधी मालकांना सांगायला हवं होतं की यानंतर डिझेलचा काटा बदलू शकतो. ते न सांगितल्यामुळे अर्धा तास वादात गेला, आणि वायर काढली जाण्याची वेळ जवळजवळ आली होती.

आणि रंगकाम करणाऱ्याने प्लेटच्या चार भोकांवर मास्किंग टेपचे चार तुकडे लावले असते, तर केबल बदलल्यावरही काही झालं नसतं. डॅशबोर्ड रंगवून घेणाऱ्यांनी ते सांगून करून घ्यावं.